पाटी नको, टाच बघा

प्रश्न : आईचं वय ७८. गाव खानापूर तालुक्यात. गेल्या पावसाळ्यात न्हाणीत पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. मिरजेत ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून चार पावलं टाकते तेवढंच, बाकी सगळं अंथरुणात. मधूनमधून विसरतेही. भाऊ गलाईच्या धंद्यात, कोइमतूरला. मी तासगावात, नोकरी करते, घरात सासू-सासरे आहेत. आईला सांभाळायला ठेवलेल्या दोन बायका सोडून गेल्या. आता दोन 'नर्सिंग होम' बघून ठेवलीत. एक साताऱ्याजवळ : बाग, देऊळ, समोर यवतेश्वरचा डोंगर, प्रत्येक खोलीत टीव्ही, सगळीकडे सीसीटीव्ही. दुसरं मिरजेत, बोळातली जुनी इमारत, दिसायला अगदी साधं. पैसे दोन्हीकडे जवळपास सारखेच. भाऊ म्हणतो, साताऱ्याचं झकास आहे, तेच ठरव. माझं मन होईना. चांगलं-वाईट ओळखायचं कसं? सरकारची काही श्रेणी असते का? आणि एक बारीक प्रश्न : साताऱ्याच्या बाई म्हणाल्या, साड्या नकोत, चार गाऊन द्या. द्यावेत का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : सरकारी श्रेणीचा प्रश्न आधी उरकते, कारण त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे : नाही. तुमच्या तासगावच्या सौद्यात व्यापारी मूठभर बेदाणा तळहातावर घेतो, रंग बघतो, दाबून बघतो, मग भाव बोलतो. सांगलीच्या यार्डात हळकुंड मोडून बघतात. म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या जागेला अशी प्रत लावणारं आपल्याकडे कुणी नाही. हे हळकुंड आपणच मोडून बघायचं.

त्यात 'नर्सिंग होम' या शब्दाने घोटाळा वाढवलाय. आपल्याकडे ही पाटी असते ती दहा-वीस खाटांच्या खासगी दवाखान्यावर, आणि निम्म्या ठिकाणी आत बाळंतिणी असतात. तुम्ही म्हणताय ते नर्सिंग होम अमेरिकेतून आलेल्या भाच्या-पुतण्यांच्या तोंडचं. आपल्या भाषेत तो वृद्धाश्रमच, फक्त पैसे भरून राहायचा आणि अंथरुणाला खिळलेली माणसं घेणारा. हा शब्दांचा कीस मी उगाच काढत नाही. दवाखान्याला एक कायदा लागू होतो आणि वृद्धाश्रमाला दुसरा, आणि तुमची आई नेमकी त्या दोघांच्या मधल्या फटीत पडते.

वृद्धाश्रमांचा विषय २००७ च्या कायद्यात येतो, आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा जो कायदा आहे त्यात. त्याच्या कलम १९ मध्ये म्हटलंय की राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान एक वृद्धाश्रम काढावा, निदान १५० जणांची सोय असलेला. पण खासगी माणसाने बंगला भाड्याने घेतला, खाटा टाकल्या आणि पाटी लावली, तर त्याने किती माणसं कामाला ठेवावीत, रात्री कोण असावं, याचा नियम त्या कायद्यात नाही. अशी नोंदणी आणि किमान दर्जा सक्तीचा करणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. ते मंजूर न होताच ती लोकसभा संपली आणि विधेयक बाद झालं. त्यामुळे पाटीवर 'शासनमान्य' दिसलं की विचारा, कशासाठी मान्य? पुष्कळदा अर्थ एवढाच निघतो की संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे. गणपतीची मंडळंही तिथेच जातात.

दवाखान्याचा कायदा मात्र जुना आणि बऱ्यापैकी धारदार आहे. १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा. त्याच्या व्याख्येत आजारी आणि जखमी माणसांबरोबर दुर्बल माणसंही आहेत, जिथे त्यांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा केली जाते ती जागा म्हणजे नर्सिंग होम. तेव्हा जिथे सलाईन लावतात, नाकातून नळी घालतात, लघवीची नळी बदलतात, तिथे बेधडक विचारावं : मग तुमची नर्सिंग होमची नोंदणी कुठाय? सांगली-मिरज-कुपवाडच्या हद्दीत ती महापालिकेकडे असते, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. २०२१ साली या कायद्याचे नियम बदलले तेव्हापासून दरपत्रक आणि रुग्णांच्या हक्कांची सनद भिंतीवर लावावी लागते. 'आम्ही फक्त सांभाळतो, उपचार करत नाही' असं उत्तर आलं, तर तेही वाईट नाही. निदान आई आजारी पडली तर कुठे हलवणार हा पुढचा प्रश्न सरळ विचारता येतो.

कागद झाले. आता तुमच्या भावाचा टीव्ही आणि बाग.

त्याला अमेरिकेची गोष्ट सांगा. तिथे डिसेंबर २००८ पासून सरकार नर्सिंग होमना एक ते पाच तारे देतं. तीन गोष्टी बघतात : सरकारी निरीक्षकांची तपासणी, कामाला माणसं किती, आणि राहणाऱ्यांची तब्येत. पहिली गोष्ट निरीक्षक स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे. उरलेल्या दोन गोष्टी संस्थांनी भरून दिलेल्या आकड्यांवरून ठरायच्या. २०१४ साली न्यूयॉर्क टाइम्सने हे उघड्यावर आणलं : तपासणीत मागे पडलेल्या कित्येक संस्था स्वतःच भरलेल्या कागदांच्या जोरावर वरच्या ताऱ्यांना पोहोचल्या होत्या. मग नोकरमाणसांचे आकडे पगारपत्रकावरून घ्यायला सुरुवात झाली. एवढा श्रीमंत देश, एवढी यंत्रणा, आणि शेवटी शहाणपण काय, तर मालकाला विचारू नका, पगार किती जणांना निघतो ते बघा.

आपल्याला पगारपत्रक कुणी दाखवणार नाही. म्हणून मी टाच बघते.

माझी आत्या शेवटची सव्वादोन वर्षं अशाच एका ठिकाणी होती. नाव सांगत नाही, जिल्हाही सांगत नाही. तिच्या खाटेच्या डोक्याशी भिंतीवर कूस बदलण्याचा तक्ता लावलेला होता : दर दोन तासांचा रकाना, पुढे सही. मी एका मंगळवारी सकाळी अकराला गेले, तर दुपारी चारपर्यंतच्या सह्या झालेल्या. एकाच निळ्या पेनाने, एका दमात. मी काही बोलले नाही. पांघरूण पायाकडून वर केलं. डाव्या टाचेवर रुपयाएवढा काळपट जांभळा डाग होता, बोटाला मऊ लागणारा, आत पाणी धरल्यासारखा. आत्याला विचारलं, दुखतं का? ती म्हणाली, 'आता नाही दुखत.' ते 'आता' मला अजून ऐकू येतं.

अंथरुणावर पडून राहणाऱ्या माणसाची कातडी जिथे हाड वर येतं तिथे मरायला लागते. माकडहाड, खुबा, कोपर, टाच. वजनाने तिथलं रक्त थांबतं, म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते. बोटाने दाबून बघायचं : दाबल्यावर पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर अजून वेळ आहे, दाबूनही लाली हलली नाही तर बेडसोअर सुरू झालेला आहे. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही पुष्कळदा; तिथे हात लावून बघावं, बाजूपेक्षा गरम, टणक किंवा काळसर लागतं. माकडहाडावरचा सोअर बघायला माणूस कुशीवर वळवावा लागतो, डायपर सोडावा लागतो. टाचेला काही लागत नाही, चादर वीतभर उचलली की झालं. शिवाय टाच वाचवणं सगळ्यात सोपं : पोटरीखाली उशी द्यायची, टाच अधांतरी राहिली पाहिजे. एअर बेड घेतला म्हणून कूस बदलणं सुटत नाही आणि टाच उचलणंही सुटत नाही.

आता दाखल करण्याआधी दुसऱ्याच्या आईचं पांघरूण तुम्हाला उचलता येणार नाही, उचलूही नये. पण दारात उभं राहून एवढं दिसतं : झोपून असलेल्यांपैकी किती जणांच्या पोटऱ्यांखाली उशी आहे? मग सहज विचारावं, 'आत्ता इथे बेडसोअर असलेले किती पेशंट आहेत?' 'एकही नाही, आमच्याकडे कधी होतच नाहीत' असं उत्तर आलं तर मी तिथला चहा घेत नाही. 'दोघींना आहेत, एक दवाखान्यातून घेऊनच आली, दुसरीचा इथे झाला, आता भरत आलाय' असं कुणी म्हणालं, तर तिथे खुर्चीत बसून पुढचं बोलावं.

रात्रीचा हिशेब त्यांच्याच समोर कागदावर मांडा. समजा बारा जण अंथरुणात आहेत. रात्री नऊ ते सकाळी सात, दहा तास. दर दोन तासांनी म्हणजे पाच वेळा कूस. बारा पंचे साठ. एका वेळेला पाच मिनिटं धरली तरी तीनशे मिनिटं, म्हणजे पाच तास. रात्रीत दोनदा डायपर, बारा दुणे चोवीस, प्रत्येकी दहा मिनिटं, झाले चार तास. नऊ तास तर इथेच संपले, आणि यात कुणाला पाणी मागायचं नाही, कुणी ओकायचं नाही, कुणी उठून बाहेर जायचं नाही. शिवाय जड माणसाची कूस एकटीला बदलता येत नाही, दोघी लागतात. आता विचारा, रात्री किती मावशी असतात? 'एक असते, पण फार प्रेमळ आहे.' असेल हो. प्रेमळपणाने दहा तासांचे अठरा होत नाहीत. सीसीटीव्हीनेही होत नाहीत. कॅमेरा कूस बदलत नाही.

हाच प्रश्न उलटाही विचारता येतो, थेट मावशींना, मालक बाजूला असताना. 'किती दिवस झाले इथे?' दोन-तीन वर्षं टिकलेल्या बायका ज्या जागेत आहेत, तिथे पगार वेळेवर निघतो आणि अंगावर कुणी ओरडत नाही. सगळ्याच महिन्या-दोन महिन्यांच्या असतील तर तुमच्या घरच्या दोन बायका ज्या कारणासाठी गेल्या, त्याच कारणासाठी इथल्याही जाताहेत. आणि सिस्टर म्हणून जिची ओळख करून देतात, ती एएनएम, जीएनएम असं नर्सिंग शिकलेली आहे की फक्त पांढरा कोट घातलेली पोर आहे, हे विचारायला लाजू नका. इंजेक्शन तीच टोचणार आहे.

भेट नेमकी कधी द्यायची? अपॉइंटमेंट घेऊन सकाळी अकराला नाही. त्या वेळी सगळ्यांचे केस विंचरलेले असतात. संध्याकाळी साडेसहाला जा, न सांगता, पावशेर पेढे घेऊन, कुणाला तरी भेटायला आल्यासारखं. जेवणाची वेळ असते. ताट काय वाढलंय ते बघू नका. ताटं सगळीकडे भरलेलीच असतात. ताट परत जाताना बघा. बिनदाताच्या माणसापुढे ज्वारीची भाकरी कोरडी ठेवून पंधरा मिनिटांनी ताट उचलणं म्हणजे 'पेशंट जेवत नाही' असं वहीत लिहायची सोय. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून, बसतं करून, घास गिळेपर्यंत थांबून भरवायची तर एका माणसाला वीस-पंचवीस मिनिटं जातात. आणि साडेसहाला जेवण, मग सकाळी आठला चहा-नाष्टा, मध्ये साडेतेरा तास काही नाही, हे तर फारच सर्रास आहे. झोपताना कपभर दूध देता का, एवढं विचारा. पाण्याचा तांब्या हाताला लागेल इथे आहे की टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, तेही बघा. खानापूर-आटपाडीच्या उन्हाळ्यात वाढलेल्या बाईला पाण्याची किंमत सांगायला नको, पण मागून मिळत नसेल तर ती मागणं सोडून देते. डायपर ओला होईल म्हणून पाणी कमी पाजणारी ठिकाणं मी पाहिलीत.

वजनाची वही मागा. दर महिन्याला वजन करत नसतील तर बाकीच्या वह्या कशासाठी आहेत? महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरलं की डॉक्टर कान टवकारतात. आई ४८ किलोची असेल तर महिन्याला अडीच किलोच्या आसपास. दाखल करतानाच तुमच्या मोबाइलमध्ये तिचं वजन टिपून ठेवा. पुढे सगळे वाद एका आकड्यावर मिटतात.

वासाबद्दल लोक नेहमी सांगतात. लघवीचा वास येऊ नये, खरं आहे. पण फिनेलचा वास डोक्यात जाईल इतका आला तर मला जास्त शंका येते. बारा अंथरुणं जिथे आहेत तिथे सकाळी थोडा वास असणारच. दुपारीही तोच असला तर चुकतंय.

एक गोष्ट मात्र चटकन सांगून पुढे जाण्यासारखी नाही. दुपारी बाराला गेलात आणि सगळेच्या सगळे शांत झोपलेत, टीव्ही चालू, बघणारं कुणी नाही, असं दिसलं तर 'किती शांत वातावरण आहे' म्हणून भुलू नका. आईचं विसरणं वाढलं, रात्री उठून 'गावाला जायचंय' म्हणायला लागली, की तिला शांत ठेवायची गोळी सुरू होते. मनोविकारांवरच्या या गोळ्या स्मृतिभ्रंशाच्या म्हाताऱ्या माणसांना दिल्या तर मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ साली त्यातल्या नव्या गोळ्यांवर आणि २००८ साली जुन्यांवरही छापायला लावला. कधी कधी त्या द्याव्याच लागतात, हेही खरं. पण कुणी लिहून दिल्या, कधीपर्यंत, हे चिठ्ठीवर असलं पाहिजे, आणि तुम्हाला न विचारता नवीन गोळी सुरू करायची नाही हे पहिल्याच दिवशी लेखी घ्या. नळी ओढते म्हणून हात खाटेला बांधणं, हेही त्याच कागदात.

संडास बघून या. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला उकिडवं बसायचं नाही. कमोड, दोन्ही बाजूंना धरायला दांडा, दार बाहेर उघडणारं, उंबरा नको. झालं.

सांगली-मिरजेच्या बाबतीत एक जादा प्रश्न आहे, जो पुण्या-मुंबईचे सल्लागार विचारत नाहीत. पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं? ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी शहरात शिरलं. तेव्हा धडधाकट माणसांना बाहेर काढताना किती हाल झाले ते तुम्ही बघितलंय. अंथरुणातल्या बारा जणांना जिन्यावरून खाली, खालून बोटीत आणि बोटीतून पुढे कुठे? न चालणारी माणसं कोणत्या मजल्यावर आहेत, २०१९ ला काय केलं, वीज गेल्यावर एअर बेड आणि ऑक्सिजन कशावर चालले? ज्यांनी तो पूर निभावलाय ते ही गोष्ट अर्धा तास सांगतील, आणि ऐकण्यासारखी सांगतील. जे 'आमच्याकडे पाणी येत नाही' एवढंच म्हणतील, त्यांच्या शेजारच्या दुकानदाराला विचारा. साताऱ्याकडे हा प्रश्न नाही, तिथे दुसरा : डोंगराची शोभा आहे तिथून जिल्हा रुग्णालय किती लांब, आणि १०८ ची गाडी त्या चढावर किती वेळात येते? शेवटचं कधी बोलावली होती आणि किती वाजता आली, हे विचारलं की बाग विसरायला होते.

आगीचा कागदही विचारा. इमारतीला अग्निशमनाचा कायदा लागू असेल तर वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. त्याला 'ब' नमुना म्हणतात. आणि मागच्या दाराला कुलूप असेल तर किल्ली रात्री कुणाच्या कमरेला असते?

पैशांचं थोडक्यात. डिपॉझिट परत कधी, डायपर-औषधं-डॉक्टरची भेट महिन्याच्या पैशांत की वेगळी, आई आठ दिवस दवाखान्यात असेल तर इथले पैसे चालू राहतात का, आणि 'आता ही फार आजारी झाली, घेऊन जा' असं ते कधी म्हणू शकतात. यातलं शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात बारीक अक्षरात असतं. पावती घ्याच. 'देणगी' म्हणून पावती देत असतील तर हरकत घ्या. तुम्ही सेवेचे पैसे भरताय, दान करत नाही. उद्या जिल्हा ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर त्या एका शब्दावर तुमची तक्रार अडू शकते. ताबडतोब कुणाशी बोलायचं असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा देशभरचा फोन आहे. मारहाण, उपाशी ठेवणं असलं काही दिसलं तर फोनबिन नंतर, आधी आईला बाहेर काढा आणि पोलिसांत जा.

भावाला हे सगळं वाचून दाखवाल तेव्हा तो म्हणेल, एवढी चौकशी केली तर कुणी घेणारच नाही. घेतात. चांगल्या ठिकाणच्या बायकांना असले प्रश्न आवडतात, कारण एरवी त्यांना कुणी विचारतच नाही. येणारा प्रत्येक जण देऊळ आणि टीव्ही बघून जातो.

आता तुमचा खरा प्रश्न : सातारा की मिरज. दोन्ही जागा मी पाहिलेल्या नाहीत, तेव्हा प्रत तुम्हीच लावायची. पण माझं माप सांगते. तासगावहून मिरजेला कामावरून सुटल्यावर जाऊन रात्रीच्या जेवणाला घरी येता येतं. साताऱ्याला जाऊन यायचं तर एक आख्खा दिवस मोडतो, म्हणजे महिन्यातून एकदा जाल, पुढे दोन महिन्यांतून एकदा, दर वेळी आधी फोन करून. ज्या खाटेजवळ कुणी तरी न सांगता, कुठल्याही वारी येऊन पांघरूण वर करतं, त्या खाटेवरच्या तक्त्यात आगाऊ सह्या होत नाहीत. आत्याच्या वेळी हे मला मंगळवारी कळलं. मी तोवर रविवारीच जात होते, चार ते सहा, त्यांनी सांगितलेल्या वेळेत. म्हणून भेटीची वेळ फक्त रविवार असेल तर ती जागा सोडा, मग ती साताऱ्यातली असो नाहीतर मिरजेतली. मिरजेच्या बाजूने आणखी एक : १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिल्यापासून ते दवाखान्यांचं गाव आहे. आईचं ऑपरेशन ज्यांनी केलं ते डॉक्टर रिक्षाच्या अंतरावर आहेत, चालवून घ्यायला फिजिओथेरपिस्ट मिळतील, शिकलेल्या सिस्टर मिळतात. तुमचं मन होईना असं लिहिलंय. मन बहुधा हेच अंतर मोजत होतं.

पहिला महिना ठरवून घ्या की ही चाचणी आहे. डिपॉझिट महिन्यानंतर देऊ म्हणा. त्या महिन्यात आठवड्याला दोनदा जा, एकदा संध्याकाळी आणि एकदा सकाळी सातच्या आत. सकाळी सातला चादर उचलली की रात्र कशी गेली ते कळतं. भावाला रोज व्हिडिओ कॉल लावून देऊ नका. त्यात आई नेहमी हसते. त्याला टाचेचा फोटो पाठवा.

राहता राहिले गाऊन. आत्याच्या बाबतीत मी कपड्या-केसांचा प्रश्नच विचारला नव्हता. दुसऱ्या महिन्यात गेले तर तिचे केस मानेपर्यंत कापलेले. 'उवा होतात,' तिथल्या बाई म्हणाल्या. गुडघ्याला लागणारी वेणी होती तिची, आयुष्यभर दर शनिवारी शिकेकाईने धुतलेली. कापायच्या आधी तिला विचारलं होतं का, असं मी विचारलं, तर त्या बाईंना माझा प्रश्नच समजला नाही.

गाऊन द्या. डायपर घातलेल्या, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला लुगडं नेसवणं दोघींचं काम आहे आणि रोज करू म्हणणारी खोटं बोलते. समोरून बटणं असलेले, सुती, चार द्या, डोक्यावर घ्यायला दोन ओढण्या द्या, म्हणजे दारात पुरुष माणूस आलं तर तिला उघडं वाटणार नाही. पण दोन नऊवारी बॅगेत ठेवाच, आणि केसांना हात लावायच्या आधी मला फोन करायचा, हे सांगून ठेवा. मग दोन्हीकडे, साताऱ्यालाही आणि मिरजेलाही, एकच विचारा : 'पाडव्याला आमच्या आईला लुगडं नेसवाल का? कुणाला येतं इथे?' आणि उत्तर यायच्या आधी त्या बाई कुणा मावशीकडे बघतात, की तुमच्याकडेच बघत राहतात, तेवढं बघा.